मापाची पेटी: रायगड किनाऱ्यावरील हाताने केलेल्या भेटपेट्यांचा आढावा

लग्न ठरल्याच्या विधीला मराठीत साखरपुडा म्हणतात. साखर गोड खरी, पण त्या नावात पुड्यालाही मान मिळाला आहे. कागदात नीट बांधलेली साखर एका घरातून दुसऱ्या घरी गेली की शब्द दिला गेला, असा तो संकेत. द्यायची वस्तू आणि ती ज्यात घालून द्यायची ते आवरण यांची अशी सांगड आपल्या व्यवहारात जागोजागी दिसते. संक्रांतीचे वाण, दिवाळीच्या फराळाचा डबा, रुखवतात मांडलेल्या सप्तपदीच्या सुपाऱ्या, वैशाखात नातेवाइकांकडे पोचणारी आंब्याची पेटी, ही सगळी त्याचीच रूपे. अलीकडे या यादीत कार्डशीटच्या हाताने केलेल्या पेट्यांची भर पडली आहे. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला त्या शिकवतात, उन्हाळी शिबिरांत शिकवतात, बचत गटांच्या प्रशिक्षणातही शिकवतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईचा पाहुणा आपल्या गाडीसकट तासाभरात अलिबागच्या वाटेला लागू लागला. साहजिकच इथला माल भेट म्हणून घेऊन जाणारे गिऱ्हाईकही डोळ्यांसमोर आले. प्रश्न असा आहे की या किनाऱ्यावर हाताने केलेल्या पेटीला खरोखर जागा आहे का, आणि असेल तर कोणती? उपलब्ध पुरावा तपासल्यावर मी या मताला आलो आहे की जागा आहे, आणि ती मापाची आहे. फिती, मोती आणि चमकी लावलेली पेटी शिकवून आपण हाताला यंत्राच्या आखाड्यात उतरवतो आणि तिथे तो हरतो. मालाच्या मापाची पेटी शिकवली, तर ते काम यंत्राला परवडत नाही.

सुरुवात मालापासून करायला हवी, कारण पेटीची सगळी गणिते तिथून सुटतात. रायगडच्या किनाऱ्यावर जे पिकते आणि घरोघरी बनते त्याचा पहिला गुण म्हणजे विविधता, आणि दुसरा म्हणजे थोडकेपणा. अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली अशा गावांचा पांढरा कांदा २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसला, पण त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी तिच्या आकारासाठी नावाजलेली, तीही वाड्यावाड्यांतून पोत्यापोत्याने येते. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मानांकन मिळाले तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर यांच्या जोडीला रायगडही त्यात होता. शिवाय पेणचे पापड आणि पोहे, आंबापोळी, फणसपोळी, आमसुले, वाल, नारळाच्या वड्या, सुकट आणि बोंबील. यातला प्रत्येक जिन्नस वेगळा श्वास घेतो. पांढऱ्या कांद्याला वारा लागतो, म्हणून शेतकरी त्याची पातीसकट वेणी घालतात. ती वेणी हेच त्याचे वेष्टन, आणि पेटीत कोंडला तर तो सडेल. आंब्याला हवा हवी आणि धक्काही लागता कामा नये. सुपारी कोरडी आणि सोशीक. आंबापोळी चिकटते, लाडू तूप सोडतो, आमसूल आंबट पाणी सोडते, सुक्या मासळीचा वास कागद अडवू शकत नाही. एका साच्याची पेटी घेऊन या सगळ्यांना सामावण्याचा प्रयत्न केला की कुणालाच ती धड बसत नाही. आमसुलाला आणि बोंबलाला कार्डाची पेटी द्यायचीच नाही, हे ठरवणेही मापाच्याच शहाणपणात येते.

आवरण मालाच्या अंगाने घडवण्याची ही बुद्धी इथे नवी नाही. द्रोण हा घडीचाच प्रकार आहे: गोल पान, दोन चुण्या, चोयीचे दोन टाके, आणि आमटी धरून ठेवणारे भांडे तयार. पोफळीची विरी ओली असताना वाकते आणि वाळली की आकार सोडत नाही. बुरुडांच्या करंड्यांत फळ, फूल, मासळी यांसाठी विणीची दाटी वेगवेगळी असते. कागदाचीही आपल्याकडे जुनी ओळख आहे. जुन्नर आणि दौलताबाद इथला हातकागद मराठी राज्यात वापरात होता, पुण्याच्या कसबा पेठेला लागून कागदीपुरा वसला, आणि पेशवे दफ्तराचे ते कागद आजही वाचता येतात. ते टिकले यात कागदाच्या दर्जाचा वाटा आहेच, पण ते कापडी रुमालांत घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवले होते, याचाही आहे. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली आणि सुती चिंध्यांच्या लगद्यापासून जाड, चिवट कागद होऊ लागला. म्हणजे घडीची कला किनाऱ्याकडे होती आणि कागदाची घाटावर. कार्डाची पेटी हा या दोहोंचा सांधा आहे. तिला परक्या घरची कला म्हणून बाजूला सारणे किंवा परदेशी फॅशन म्हणून डोक्यावर घेणे, दोन्ही चुकीचे ठरेल.

यंत्राची पेटी आली कशी, हे पाहिले म्हणजे हाताची जागा स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाश्चात्त्य देशांतही पुठ्ठ्याच्या पेट्या बहुतांशी हातानेच चिकटवल्या जात. १८७९ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर या कागदी पिशव्यांच्या कारखानदाराने एकाच दाबात कापणे आणि दुमडीची रेघ पाडणे, दोन्ही कामे करणारी युक्ती यंत्रात बसवली. सपाट पडून राहणारी आणि लागेल तेव्हा उभी करता येणारी पेटी तिथून जगभर पसरली. आज मिठाईच्या दुकानातला खोका त्याच पद्धतीने निघतो. या पद्धतीचे बळ आणि मर्यादा एकाच गोष्टीत आहेत, ती म्हणजे डाय. लाकडी फळीत धारदार आणि बोथट पात्यांच्या पट्ट्या बसवून हा साचा करतात. एकदा केला की हजारो पेट्या निघतात, म्हणून एका पेटीमागे त्याचा खर्च नगण्य होतो. पण पेटीची उंची अर्धा सेंटिमीटर बदलली तरी नवी डाय लागते. एखाद्या घरगुती उद्योगाला तीस पेट्या सुपारीच्या, पन्नास पापडाच्या आणि वीस आंबापोळीच्या हव्या असतील, तर छापखाना त्या कामाला हात लावणार नाही, आणि लावला तर भाव परवडणार नाही. मग काय होते? बाजारात तयार मिळणारा मिठाईचा खोका आणला जातो आणि माल त्यात कोंबला जातो किंवा खुळखुळत ठेवला जातो. थोडका आणि नाना प्रकारचा माल ही इथली अडचण मानली जाते. हाताच्या पेटीपुरती तरी तीच मोठी सोय आहे, कारण हाताला नवी डाय लागत नाही, पट्टी आणि पेन्सिल लागते.

परंतु हाताला मोजावे लागते, आणि ते नेमके मोजावे लागते. बाजारात कार्डशीट साधारण २२ बाय २८ इंचांची, म्हणजे ५५.९ बाय ७१.१ सेंटिमीटरची मिळते. समजा, १० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच डबी करायची आहे. तिच्या अंगाला २० सेंटिमीटरचा चौकोन लागतो. झाकण अंगापेक्षा किंचित मोठे हवे, म्हणून ते १०.४ सेंटिमीटरचे धरले आणि त्याची उंची अडीच ठेवली, तर त्याला १५.४ सेंटिमीटरचा चौकोन लागतो. शीटच्या रुंदीत अंगाचे दोन रकाने आणि झाकणाचा एक बसतो: २० अधिक २० अधिक १५.४ म्हणजे ५५.४. अशा पाच शीट आणि अंगाचा एक रकाना व झाकणाचे दोन अशा दोन शीट कापल्या, की सात शीटमधून ३६ अंगे आणि ३६ झाकणे निघतात, एकही जोडी उणी-अधिक होत नाही. आता हीच डबी साडेदहा सेंटिमीटरची केली तर? अंगाला साडेवीस आणि झाकणाला १५.९ सेंटिमीटर लागतात, तिघांची बेरीज ५६.९ होते आणि तिसरा रकाना शीटबाहेर जातो. मग त्याच सात शीटमधून डब्या निघतात ३० च्या आसपास. अर्ध्या सेंटिमीटरने सहावा हिस्सा कागद खाल्ला. बचत गटाचा नफा अनेकदा एवढाच असतो, त्यामुळे हा हिशेब वहीत मांडल्याखेरीज कात्री हातात घेऊ नये. सजावटीच्या कोणत्याही युक्तीपेक्षा ही आकडेमोड शिकवणे अधिक मोलाचे आहे, असे मला निश्चित वाटते.

आकाराच्या निवडीतही हाच विचार पुढे नेता येतो. चौरस कागदाच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापून उघडी पेटी करायची असेल, तर सर्वांत जास्त माल केव्हा मावेल, हे उदाहरण कलनशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने सोडवलेले असते. उत्तर आहे बाजूचा सहावा हिस्सा. २४ सेंटिमीटरच्या चौरसातून ४ सेंटिमीटरचे कोपरे कापले, की १६ बाय १६ बाय ४ ची, १०२४ घनसेंटिमीटरची पेटी मिळते. तीन सेंटिमीटर कापले तर ९७२, सहा कापले तर ८६४. गणिताचे उत्तर बिनचूक आहे, पण लाडू ५ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर ४ सेंटिमीटरच्या पेटीचे झाकण बसणार नाही. तिथे नऊ लाडवांसाठी १५ बाय १५ बाय ५ आणि त्यासाठी २५ सेंटिमीटरचा चौरस, हे मालाचे उत्तर. गोंद न लावता निव्वळ घडीने होणारी जपानी पेटी आपल्याकडेही आता शिकवली जाते. आपल्या पायलीसारखे धान्य मोजायचे चौकोनी लाकडी माप जपानात असते, त्याला मासु म्हणतात, आणि त्याच्या आकारावरून या घडीचे नाव पडले. ती देखणी आहे, तिच्या भिंती दुहेरी होतात म्हणून ती ताठ राहते, आणि तिच्यात कात्रण उरत नाही. पण २४ सेंटिमीटरच्या चौरसातून ती साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि सव्वाचार उंच एवढीच निघते. तिच्यात सुमारे ३०५ घनसेंटिमीटर मावतात, म्हणजे कापलेल्या पेटीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. शिवाय जाड कार्डशीटला ही घडी सोसत नाही. तेव्हा मासु सप्तपदीच्या सुपारीला, हळदीकुंकवाच्या वाणाला, एखाद्या दागिन्याला द्यावी आणि पाव किलो लाडवांना देऊ नये. पापडाचे उदाहरण याहून बोलके आहे. गोल पापड चौकोनी पेटीत ठेवला तर तळाचा जवळजवळ ७८ टक्के भाग व्यापतो आणि चार कोपरे मोकळे राहून पापडाच्या कडा तिथेच तुटतात. षट्कोनी पेटीत तोच पापड ९० टक्क्यांहून अधिक जागा भरतो आणि सहा बाजूंनी धरला जातो. षट्कोनी डाय खर्चिक, पण हाताला षट्कोन आखायला कंपास पुरतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप हवेचा आहे. अलिबागला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात हवा जणू भिजलेली असते. अशा ठिकाणी कागदाची पेटी म्हणजे पावसात मिठाचा व्यापार, असे म्हणणाऱ्याचे म्हणणे उडवून लावता येत नाही. कागदाचे तंतू हवेतला ओलावा शोषतात आणि फुगतात. ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत वाढतात. यंत्रावर झालेल्या कार्डशीटमध्ये बहुतेक तंतू एकाच दिशेला लोळलेले असतात, त्याला छापखान्यात ग्रेन म्हणतात. म्हणून ओल लागली की शीट एका दिशेला जास्त ताणली जाते आणि झाकण वाकडे होते. लहरी पुठ्ठ्याच्या खोक्याबद्दलचा पॅकेजिंगचा सर्वसाधारण अनुभव असा की निम्म्या आर्द्रतेत त्याची जी भार पेलण्याची ताकद असते, ती नव्वद टक्के आर्द्रतेत निम्म्याच्या आसपास येते. हे सगळे खरे आहे. पण त्यावर उपायही कागदाच्या याच स्वभावात आहेत. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिली, तर ज्या दिशेला ती सहज वळते त्यावरून ग्रेन कळतो. अंग आणि झाकण दोन्हींचा ग्रेन एकाच दिशेला ठेवून कापले तर दोन्ही सारखीच फुगतात आणि एकमेकांत अडकत नाहीत. झाकणाला कोरड्या गावात दोन मिलिमीटर ढील पुरत असेल, तर इथे चार ठेवावी. वरच्या हिशेबातले १०.४ सेंटिमीटरचे झाकण त्यासाठीच आहे. दुमडायच्या रेषेवर रिकाम्या रिफिलने किंवा विणायच्या बोथट सुईने आधी खूण दाबली, म्हणजे तंतू तुटून फट पडत नाही आणि तिच्यातून ओल शिरत नाही. हातकागदात तंतू बरेचसे चहूकडे विखुरलेले असतात, त्यामुळे तो एकाच बाजूला ताणला जात नाही. महाग असला तरी खास पेटीसाठी तो म्हणूनच योग्य ठरतो.

हवेच्या आक्षेपाला आणखी एक उत्तर पंचांगात आहे. या किनाऱ्यावर भेट देण्याचे दिवस मोजून पाहावेत. दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरचे विवाहाचे मुहूर्त, नाताळची सुटी, संक्रांत, फेब्रुवारी ते एप्रिलमधला पांढरा कांदा, मार्चपासून मेअखेरपर्यंतचा आंबा आणि याच काळातला पर्यटकांचा हंगाम. हे बहुतेक सगळे कोरड्या महिन्यांत येते. पावसात येतात ते मुख्यतः नारळी पौर्णिमा, रक्षाबंधन आणि गौरी-गणपती. कोळीवाड्यांतून नारळी पौर्णिमेला सोनेरी वेष्टनाचा नारळ वाजतगाजत समुद्राकडे जातो, पण ते वेष्टन एका दिवसापुरते असते आणि पाण्यालाच द्यायचे असते. गणपतीतली शिदोरी नेहमीसारखी स्टीलच्या डब्यातून जावी, तिथे कागदाने हट्ट धरू नये. उरलेल्या आठ महिन्यांसाठी हवेचा आक्षेप लागू राहत नाही, फक्त शिस्तीची मागणी करतो. एप्रिल-मेमध्ये शीट कापून, रेघा दाबून, सपाट गठ्ठे कोरड्या पत्र्याच्या पेटीत ठेवावेत आणि मागणी येईल तशी पेटी उभी करावी. पावसाळ्यात उभ्या पेट्यांचा साठा करू नये. आधी सांगितलेल्या गेअरच्या युक्तीतला खरा लाभ हा सपाटपणाच होता, आणि तो हाताने केलेल्या पेटीलाही तितकाच मिळतो.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. खाण्याच्या वस्तूला हाताने केलेली पेटी लावावी का? केंद्राच्या २०१८ च्या अन्न वेष्टन नियमांनी वर्तमानपत्राचा कागद अन्न गुंडाळायला किंवा ठेवायला वापरण्यास मनाई केली, आणि छपाईची शाई अन्नाला लागू नये ही त्यामागची भूमिका रास्त आहे. स्वस्त कार्डशीट आणि राखाडी पाठीचा डुप्लेक्स बोर्ड यांत रद्दीचा लगदा असू शकतो, रंगीत शीटचा रंग तुपाला लागतो. म्हणून नियम सरळ ठेवावा: पेटी हे बाहेरचे घर, पदार्थ आत बटर पेपरमध्ये किंवा खाद्यपदार्थांसाठी केलेल्या वेगळ्या आवरणात. गोंदाबाबतही असाच विवेक लागतो. जुने बुकबाइंडर गव्हाच्या खळीत मोरचूद घालत, कारण नुसत्या खळीला बुरशी धरते आणि कसर लागते. पुस्तकाला ते चालते, पण मोरचूद विषारी असल्याने खाण्याच्या पेटीजवळ ते येता कामा नये. म्हणून शक्य तिथे गोंदाऐवजी खाचेत अडकणारी जीभ करावी. एकदा खाच नेमकी पडली की पेटी सपाटही राहते आणि कसरीला खायला काही उरत नाही. विक्रीचा पदार्थ असेल तर परवान्याचा क्रमांक, वजन, तारीख यांचे लेबल लागतेच. त्याची जागा पेटी आखतानाच सोडली, तर नंतर देखण्या पेटीवर वाकडे लेबल डकवण्याची वेळ येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: बाजारचा खोका इतका स्वस्त असताना हाताची पेटी कोण घेणार? याचे प्रामाणिक उत्तर असे की जिथे एकाच मापाच्या हजार पेट्या लागतात, तिथे कुणीच घेऊ नये. हाताने यंत्राशी संख्येत स्पर्धा केली की बाईच्या श्रमाचा भाव शून्यावर आणूनच ती जिंकता येते, आणि तशी जिंकलेली स्पर्धा मला लाजिरवाणी वाटते. वर मांडलेली ३६ डब्यांची तुकडी घेऊ. सरावाच्या हाताला एका डबीमागे पाच मिनिटे धरली, तर तीन तासांचे काम झाले. डबीची किंमत ठरवताना सात शीट, थोडा गोंद आणि हे तीन तास, तिन्ही मोजले गेले पाहिजेत. घरबसल्या, फावल्या वेळात, हौशीने अशी विशेषणे लावून ते तीन तास अनेकदा हिशेबातून गाळले जातात. घराच्या ओट्यावर बसून केलेले काम हेही कामच असते. तीन तासांची मजुरी धरूनही भाव परवडतो का? परवडतो तो तिथेच, जिथे मापाची पेटी मालाची किंमत वाचवते किंवा वाढवते. मोडलेला पापड अर्ध्या भावाने जातो, खुळखुळलेल्या लाडवाचा चुरा होतो, आणि फुटलेली भेट कुणी परत मागवत नाही. षट्कोनी पेटीने शंभरातले दहा पापड वाचवले तर पेटीचा खर्च त्या दहा पापडांतून किती निघतो, असा हिशेब विकणारीने गिऱ्हाइकापुढे मांडावा. पेटी सुंदर आहे म्हणून जास्त पैसे द्या, हे आवाहन एकदाच चालते.

चौथा आक्षेप पर्यावरणाचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. द्रोण, विरी आणि करंडी असताना कागदाचा आणखी एक कचरा किनाऱ्यावर कशाला? इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जिथे वारा लागतो किंवा ओल असते, तिथे करंडी आणि पानच श्रेष्ठ आहेत. कांद्याच्या वेणीला पेटी देऊ नये, आणि आंबा भेट द्यायचा तर बुरुडाच्या करंडीत भाताच्या पेंढ्यावर द्यावा. पूर्वीच्या लाकडी पेटीतही तो पेंढ्यातच मुरायचा. कार्डाच्या पेटीने बुरुडाचे गिऱ्हाईक पळवणे हा या कलेचा विजय ठरणार नाही. मात्र कोरड्या, हलक्या, नाजूक मालाला आज जे आवरण मिळते ते प्लॅस्टिकचे असते, आणि तिथे कागदाचा पर्याय निःसंशय चांगला आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत तर मिठाईच्या खोक्यांवर आणि आमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे नावच घेतले आहे. म्हणजे कायद्याने वेष्टनातल्या शोभेच्या प्लॅस्टिकवर बोट ठेवले. असे असताना हाताने केलेल्या म्हणवणाऱ्या पेटीवर प्लॅस्टिकचे मोती, चमकी, साटीनची फीत आणि ग्लू गनचा गोंद आला की ती पेटी रद्दीवालाही घेत नाही, कारण कागद आणि प्लॅस्टिक वेगळे करणे त्याला परवडत नाही. चमक लावून वरून पापुद्रा चिकटवलेल्या कार्डाचेही तेच. सजावटीविरुद्धची माझी तक्रार निव्वळ आवडीनिवडीची नाही. सजावट पेटीला कागद राहू देत नाही, ही ती तक्रार आहे. घडीतून निघालेली नक्षी, झाकणाला पाडलेली जाळी, सुती दोरा, दुरंगी कार्डाचा उलटा काठ, एवढ्या साधनांत पुरेसे सौंदर्य आहे, आणि त्यातले काहीच रद्दीच्या वाटेत आडवे येत नाही.

पाचवा आक्षेप क्वचित उघड बोलला जातो, पण व्यवहारात तोच सर्वांत प्रभावी असतो: हे बायकांचे आणि मुलांचे हस्तकलेचे खेळणे आहे, धंदा नाही. या समजुतीचे पडसाद धोरणातही उमटतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत होडी बांधणारे आहेत, मासेमारीचे जाळे विणणारे आहेत, टोपल्या-चटया-झाडू करणारे आहेत, बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. ही यादी किनाऱ्याला बरीच जवळची आहे. कागदाची पेटी करणाऱ्याला त्यात स्वतंत्र स्थान नाही. याला एक सबळ कारण आहे: ती यादी परंपरागत व्यवसायांची आहे आणि पेटी करणे हा कुणा एका समाजाचा वंशपरंपरेचा धंदा नव्हता. पण पेणकडे पाहा. गणपतीच्या मूर्ती करणे तिथे घराघरातले काम होते, त्याचा उद्योग झाला तो कामाची विभागणी, साचे, रंगकामाचे वेगळे हात आणि वर्षभराचे वेळापत्रक यांमुळे. मूर्ती परदेशी जाऊ लागल्या तेव्हा त्यांना साजेशी खोकीही लागली. साचा, माप आणि वेळापत्रक या तीन गोष्टींनी घरकाम उद्योग बनते, हा धडा जिल्ह्याने स्वतःच घालून दिला आहे. महाराष्ट्रात उमेद अभियानाखाली २०११ पासून बचत गटांची बांधणी झाली, मुंबईतल्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत त्यांचा माल शहरापर्यंत पोचतो. तिथे पेटी विकायला मांडण्यापेक्षा इतर गटांचा माल ज्या पेटीत बसतो ती पेटी पुरवणे हे काम अधिक टिकाऊ आहे. पापड करणारा गट, सुपारी सोलणारा गट आणि पेटी करणारा गट एकमेकांचे गिऱ्हाईक होऊ शकतात.

त्यासाठी जे लागते ते फार खर्चाचे नाही, पण ते नेमकेपणाने करावे लागेल. प्रत्येक तालुक्यात गटांनी मिळून मापांची एक वही ठेवावी. तिच्यात इथल्या मालाची नोंद असावी: अलिबागच्या, मुरुडच्या, श्रीवर्धनच्या जिनसांचे वजन, आकार, तूप-पाण्याचा स्वभाव, आणि त्याला साजेशा पेटीचा पूर्ण आकाराचा कागदी नमुना. नमुन्यावर ग्रेनची दिशा बाणाने दाखवावी, झाकणाची ढील लिहावी, एका शीटमध्ये किती बसतात याचे चित्र काढावे, आणि लागणारी मिनिटे नोंदवावीत. कोणत्या जिनसाला पेटी देऊच नये, तेही त्याच वहीत लिहावे. शाळेच्या कार्यानुभवात हीच वही उघडली तर मुलांना भूमिती आणि व्यवहार एकाच तासाला भेटतील. चौकोनातल्या गोलाचे क्षेत्रफळ फळ्यावर काढण्याआधी पापड मोजून काढता येते. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी फिती आणि मण्यांचा डबा बंद ठेवावा, आणि प्रत्येकीने आपल्या घरात बनणारी एक वस्तू आणून तिच्याभोवती पट्टी धरावी.

हा सगळा विचार अतिरेकी वाटेल, एका कागदी डबीला इतके कशाला तोलायचे, असेही कुणी म्हणेल. पण डबी लहान आहे म्हणूनच तिच्यात चूक लपत नाही. झाकण बसले की बसले, नाही तर नाही. श्रीवर्धनची सुपारी, पेणचा पापड, आक्षीच्या एखाद्या घरातली नारळाची वडी दुसऱ्या गावी जाते, तेव्हा ती वस्तू घडवणाऱ्या हातांइतकीच काळजी तिला ज्यांनी पेटीत घातले त्या हातांनीही घेतलेली असावी, एवढीच अपेक्षा आहे. साखरपुड्यात पुड्याला साखरेच्या बरोबरीने नाव मिळाले ते अशा काळजीसाठीच असावे. ती काळजी आज दहा सेंटिमीटरच्या तळात, चार मिलिमीटरच्या ढिलीत आणि नीट दाबलेल्या एका रेघेत उतरू शकते. ते शिकायला आणि शिकवायला या किनाऱ्यावर पट्टी, कात्री आणि मोजायला भरपूर माल आहे.